दाद न देणारा आजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता करणाऱ्या माणसाचं ‘दाद’ या शब्दाशी जुनं नातं असतं. मुशायऱ्यात शेर म्हटला आणि समोरून काहीच आलं नाही, तर शायर मनातल्या मनात श्रोत्यांवर खापर फोडतो. आज मंडळी थंडच होती, म्हणतो. शेरच पडेल होता, असं सहसा कोणी म्हणत नाही. हाच शब्द गेल्या पंचवीस वर्षांत मी एका वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या अर्थानं पुष्कळदा ऐकला. मानसोपचाराच्या दवाखान्यात. ‘पेशंट औषधाला दाद देत नाही.’ इथंही खापर श्रोत्याच्याच माथी. खरं म्हणजे ‘हे औषध या माणसाला लागू पडलं नाही’ असं म्हणायला हवं. पहिलं वाक्य ऐकलं की घरची माणसं हात टेकतात. दुसरं ऐकलं की विचारतात, मग आता कोणतं द्यायचं? आज मी या प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

आजार आहे स्किझोफ्रेनिया. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेला, कराडात राहणारा माणूस आहे. पण माझ्या धाकट्या भावाला १९९९ पासून हा आजार आहे आणि त्याच्या औषधांची पाकिटं सांभाळता सांभाळता जे कळलं, डॉक्टरांना विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच सांगणार आहे. भावाला विचारूनच बोलतोय. त्याची एकच अट होती, नाव घ्यायचं नाही. आणि मग हसून म्हणाला, “भाई, इतकी वर्षं मी सांगत होतो की रेडिओवर माझ्याबद्दल बोलतात. आता खरंच बोलणार म्हणजे!”

हे हसणं किती महागाचं आहे ते या आजाराच्या घरातल्यांना कळेल. आजार नवा होता तेव्हा रेडिओचा निवेदक आपल्याबद्दलच बोलतोय, अशी त्याची पक्की खात्री होती. घरातला ट्रान्झिस्टर त्यानं परसात नेऊन पुरला होता. कानात आवाज यायचे. ते त्याला शिव्या द्यायचे, हुकूम करायचे. जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून तो अम्मीच्या हातचं खायचा नाही. वय होतं बावीस.

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. या शब्दामुळे आणि सिनेमांमुळे लोकांना वाटतं, एकाच माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. तो निराळाच विकार आहे. स्किझोफ्रेनियात कोणी नसताना आवाज ऐकू येतात, नको ते संशय पक्के होऊन बसतात, विचारांची साखळी तुटते, आणि पुष्कळदा माणूस आतून विझल्यासारखा होतो: बोलत नाही, अंघोळ करत नाही, दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. जपानमध्ये या आजाराच्या जुन्या नावाचाही अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’ असाच होता. रुग्णांच्या घरच्यांनी मागणी केली आणि २००२ मध्ये तिथं ते नावच बदललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात साधारण तीनशे माणसांत एकाला हा आजार आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक मोठ्या गावात तो असणारच. दिसत नाही, कारण दार लावून घेतलेलं असतं.

आता औषधांकडे वळू. यातली पहिली पाऊलवाट आपल्याच देशातून जाते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना आणि हकिमांना शतकानुशतकं ठाऊक होती. बिहारकडे तर बाजारात ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जायची. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. त्याच सुमाराला दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळ्यांतून काढलेल्या एका द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलिन’ असं नाव दिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाबद्दल इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि काही वर्षं ते मनोरुग्णांना दिलंही जात होतं. पण त्यानं रक्तदाब खाली यायचा, काहींना खोल उदासी यायची. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये देले आणि देनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमझिन वापरून पाहिलं आणि मनोरुग्णालयांचं रूपच पालटलं. मग हॅलोपेरिडॉल आलं, पुढे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन आली.

ही बहुतेक औषधं एकच मुख्य काम करतात. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन निरोप पोचवत असतं. आजारात मेंदूच्या काही भागांत त्याची गडबड वाढते. औषध त्या निरोपाचा आवाज कमी करतं, रेडिओचं बटण फिरवावं तसा. पुष्कळांना यानं उतार पडतो. पण साधारण तीनांतल्या एका रुग्णाला पुरेसा पडत नाही. यातल्या काहींच्या मेंदूच्या तपासण्यांत असं दिसलं आहे की त्यांच्यात डोपामिन मुळात वाढलेलंच नसतं. जो आवाज त्या बटणाचा नाहीच, तो ते बटण फिरवून कमी कसा होणार?

‘दाद न देणारा आजार’ केव्हा म्हणायचं, याचा जगभर मान्य असलेला हिशेब सोपा आहे. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा मात्रेत, प्रत्येक किमान सहा आठवडे, नेमानं घेतली आणि तरी नीट गुण आला नाही, की हा शिक्का बसतो. दोन. पाच नाहीत, सात नाहीत. मात्र शिक्का मारण्याआधी काही गोष्टी पाहाव्याच लागतात. पहिली, गोळी खरंच पोटात जाते का? जिभेखाली धरून नंतर थुंकलेली गोळी घरात कुणाला दिसत नाही. शंका असेल तर महिन्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात, ती देऊन पाहतात. दुसरी, मात्रा पुरेशी होती का, की हात थरथरतात म्हणून मध्येच निम्मी केली गेली? तिसरी, दारू, गांजा असं काही चालू आहे का? चौथी, थायरॉइड, फिट्स असा दुसरा आजार आड लपलाय का? एवढं पाहून झालं आणि तरी आवाज थांबले नाहीत, तर मग पुढच्या औषधाकडे जायला हवं.

त्या औषधाचं नाव आहे क्लोझापिन. आजही, या क्षणाला, दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी जगात सगळ्यांत भक्कम पुरावा ज्याच्या बाजूनं आहे असं हे औषध. मोठी गंमत म्हणजे ते नवं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात एका कंपनीनं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं. आधीच्या औषधांनी हातपाय ताठायचे, मान वाकडी व्हायची, तसं यानं होत नव्हतं. युरोपात ते वापरात आलं. आणि १९७५ मध्ये फिनलंडमधून वाईट बातमी आली. औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळल्या, संसर्गाशी लढायला शरीरात शिपाईच उरले नाहीत आणि आठ जण दगावले. कित्येक देशांनी औषध मागे घेतलं, काहींनी कुलुपात ठेवलं.

पण ज्या डॉक्टरांनी ते वापरलं होतं त्यांना विसरता येत नव्हतं की याच औषधानं काही माणसं वर्षांनंतर बोलती झाली होती. अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८ रुग्ण निवडले. कमीत कमी तीन औषधं हरलेली, अशी ही माणसं. निम्म्यांना क्लोरप्रोमझिन दिलं, निम्म्यांना क्लोझापिन. सहा आठवड्यांनी क्लोरप्रोमझिनच्या गटात १०० पैकी ४ जण सुधारले होते, क्लोझापिनच्या गटात ३०. हा अभ्यास १९८८ मध्ये छापून आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं औषधाला मंजुरी दिली. अट एकच, रक्त तपासत राहायचं. आत्महत्येचा धोका कमी होतो असं दिसल्यावर २००२ मध्ये त्यासाठीही तिथं मंजुरी मिळाली. आणि ज्या फिनलंडमध्ये आठ जण गेले होते, त्याच फिनलंडमधल्या ६६ हजारांहून जास्त रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात तुलना केलेल्या औषधांमध्ये सगळ्यांत कमी मृत्यू क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये होते. ज्याला मारेकरी म्हणून बाहेर काढलं, तेच जास्त माणसं जगवत होतं. फक्त त्याच्यावर नजर ठेवायची होती.

असं असूनही हे औषध रुग्णापर्यंत पोचायला फार उशीर होतो. हे केवळ आपल्याकडचं नाही. लंडनमधल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला. नियमाप्रमाणे जेव्हा सुरू व्हायला हवं होतं, त्यानंतर सरासरी जवळजवळ चार वर्षांनी तिथं क्लोझापिन सुरू झालं होतं. माझ्या भावाची नऊ वर्षं गेली. १९९९ ते २००८. एका खासगी दवाखान्यात औषधं बदलली गेली, एकावर एक चढवली गेली, पण क्लोझापिनचं नाव आमच्यासमोर कुणी काढलं नाही. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तासभर चाळला आणि विचारलं, “क्लोझापिन कधी दिलं होतं?” गठ्ठ्यात ते नव्हतंच. नऊ वर्षं म्हणजे माणसाची बाविशी ते एकतिशी. लग्न, नोकरी, दोस्ती, सगळं याच काळात होत असतं. म्हणून हे बोलायला मी आलोय.

उशिराचं कारण रक्ताची भीती. ती खोटी नाही. पण तिला आकडा आहे. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर उतरण्याचा प्रकार शंभरातल्या फार तर एकाला होतो, तोही बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. म्हणूनच पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर हळूहळू महिन्याला एकदा रक्त तपासण्याची पद्धत अनेक देशांत रुजली. कोणत्या आकड्याला थांबायचं, याचे नियम देशोदेशी थोडे वेगळे आहेत, ते डॉक्टर ठरवतात. अमेरिकेत या तपासणीची सक्तीची नोंदणी २०२५ मध्ये रद्द झाली, पण तपासणी करत राहा, हा सल्ला कायम आहे. आणि ही तपासणी काही अगडबंब नाही. डेंगीच्या तापात, बाळंतपणाआधी जी होते तीच साधी सीबीसी. कराडसारख्या गावात कुठल्याही लॅबमध्ये होते. आम्ही १८ सोमवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवले होते. सकाळी रक्त, संध्याकाळी रिपोर्ट, मग डॉक्टरांना फोन. अठरावा गोल झाला तेव्हा अम्मीनं शिरखुर्मा केला, ईद नसताना.

आता घरच्यांनी लक्षात ठेवायच्या काही बारीक गोष्टी. औषध साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्या-आठवड्यानं चढवतात. घाई केली तर चक्कर येते, हृदयाचे ठोके धावतात, मोठ्या मात्रेत फिटही येऊ शकते. आपल्याकडच्या लोकांना पाश्चात्यांपेक्षा बहुधा कमी मात्रा पुरते. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात छातीत दुखलं, धाप लागली, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, कारण क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप आला किंवा घसा धरला, तर क्रोसिनची गोळी देऊन वाट बघायची नाही. त्याच दिवशी सीबीसी करायची.

झोपेत लाळ गळते, उशी ओली होते. त्रासदायक आहे, पण त्यावर उपाय असतात. वजन वाढतं, साखर वाढू शकते. म्हणून साखर आणि चरबी तपासत राहायची आणि भाताचं ताट जरा आवरायचं. मात्र ज्याकडे लोक सगळ्यांत कमी पाहतात ते म्हणजे पोट. हे औषध आतड्यांना सुस्त करतं. साधी बद्धकोष्ठता म्हणून सोडून दिली तर आतडं अडून जीवही जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. ‘पोट साफ झालं का?’ हे विचारायला लाज वाटते. पण रक्ताच्या रिपोर्टइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

बिडी-सिगारेटचा मामला तर आम्हाला चकित करणारा होता. धुरातल्या घटकांमुळे यकृत हे औषध भराभर निकालात काढतं. म्हणजे बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी राहतं. मग तो एखाद्या कारणानं दवाखान्यात दाखल होतो, बिडी बंद होते, आणि आठवड्याभरात तीच मात्रा त्याला जास्त व्हायला लागते. गुंगी येते, लाळ वाढते. हा परिणाम निकोटिनचा नाही, धुराचा. त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला किंवा मशेरी लावणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. त्यांचे धोके वेगळे आहेत. बिडी सोडणं चांगलंच. पण सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

आणि रोजे. माझ्या समाजातल्या श्रोत्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. क्लोझापिन सलग दोन दिवस चुकलं, तर पुन्हा जुन्या मात्रेवर उडी मारता येत नाही. खालपासून चढत यावं लागतं. म्हणून रमजान यायच्या आधीच डॉक्टरांकडे जावं. गोळ्यांच्या वेळा इफ्तार आणि सहरीवर बसवता येतात का, दिवसभर पाणी नसेल तर पोटाचं काय, हे ठरवून घ्यावं. नाही जमलं, तर आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहेच. ती दीनानंच दिलेली आहे, कुणी उपकार म्हणून नाही. एकादशी, नवरात्राचे कडक उपवास करणाऱ्या घरांनाही हाच हिशेब लागू.

क्लोझापिननं सगळे बरे होतात का? नाही. जवळजवळ निम्म्यांना तरी त्यानंही पुरेसा गुण येत नाही. मग रक्तातली औषधाची पातळी तपासतात, मात्रा नीट करतात, काही महिने धीर धरतात, दुसरं एखादं औषध जोडून पाहतात. क्लोझापिनला विजेच्या उपचाराची जोड दिल्यावर काही रुग्ण सुधारल्याचे अभ्यास आहेत. ‘शॉक’ म्हटलं की डोळ्यांपुढे जुना सिनेमा येतो. आता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत एका अगदी वेगळ्या जातीच्या औषधाला मंजुरी मिळाली. ते डोपामिनला थेट अडवत नाही. आशा ठेवायला जागा आहे. पण दाद न देणाऱ्या आजारात ते क्लोझापिनची जागा घेईल, असं अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा नव्याची वाट पाहत जुनं खात्रीचं औषध टाळणं बरोबर नाही.

औषध लागू पडेना की घरचे दुसरीकडे वळतात. आपल्या भागात म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी आहे.’ मग देवऋषी येतो, उतारा होतो, गंडा बांधला जातो. हिंदू घरं दत्ताच्या ठाण्यांवर जातात, मुसलमान दर्ग्यावर, आणि खरं सांगायचं तर दोन्ही घरं दोन्हीकडे जातात. दुःखात माणूस दार बघून ठोठावत नाही. दुआ मागण्यात गैर काही नाही, माझी अम्मीही मागायची. पण दुआ आणि साखळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ चालवल्या जाणाऱ्या एका निवाऱ्याला आग लागली. आतली माणसं साखळदंडानं बांधलेली होती. पळता आलं नाही. २८ जण मेले. त्यांतल्या कितीजणांना सुरुवातीलाच योग्य औषध मिळालं असतं तर ते आपल्या घरी असते, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. गुजरातमध्ये उनावा इथं मीरा दातारचा दर्गा आहे. तिथं २००८ च्या सुमारास ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारात बसलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे माणसाला पाठवतात. कुणाची श्रद्धा दुखावली नाही आणि गोळी पोटात गेली. आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. या कायद्यासाठी झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, डॉक्टर झाले ते मिरजेत. कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत झाला नाही. त्यांनी मुलाचं नाव हमीद दलवाईंवरून हमीद ठेवलं आणि तो हमीद आज साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला या गोष्टीचा वेगळाच आनंद होतो.

घरच्यांनाही आधार लागतो. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. त्यांच्या पुढाकारातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ चा. त्यात अतुल कुलकर्णींनी या आजाराचा माणूस उभा केला आणि मराठी घरांत पहिल्यांदा हा शब्द दबक्या आवाजाशिवाय उच्चारला गेला. डॉ. वाणी २०१७ मध्ये गेले. या मंडळींनी रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायची पद्धत पाडली. ‘वेडा’ आणि ‘वेड्याचा भाऊ’ एवढेच शब्द माहीत असलेल्या मला या दोन शब्दांनी फार मोठा आधार दिला. मोफत सल्ल्यासाठी सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. क्रमांक सोपा आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.

आता भावाबद्दल विचाराल. तो पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. आवाज आहेत. पण तो म्हणतो, “पूर्वी डोक्यात बसून ओरडायचे. आता शेजारच्या खोलीत बोलतात. मी दार लावून घेतो.” सकाळी चार तास सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. पगारातले थोडे पैसे दर महिन्याला माझ्या हातात ठेवतो आणि वर पावतीही मागतो. अम्मी गेली त्या दिवशी त्यानं स्वतः खांदा दिला आणि रात्री, कुणी आठवण न करता, गोळी घेतली. आजारात नऊ वर्षं ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, तो माणूस त्या रात्री पोटभर रडला. मला ते रडणं फार मोलाचं वाटलं.

श्रोतेहो, तुमच्या घरात किंवा शेजारी असा कुणी असेल, तर आज संध्याकाळी एक काम करा. एक कोरा कागद घ्या. आजवर कोणकोणती औषधं झाली, किती मिलिग्रॅम, कधीपासून कधीपर्यंत, आणि घेतल्यावर काय फरक पडला, हे चार रकान्यांत लिहा. जुन्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात असतील, गादीखाली असतील, शोधून काढा. गोळ्या मनानं बंद करू नका, मनानं सुरूही करू नका. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि समोर ठेवून अदबीनं एवढंच विचारा: “डॉक्टरसाहेब, यात दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस झालेली दिसतात का? झाली असतील, तर क्लोझापिनचा विचार करायची वेळ आली का?”

उत्तर हो येईल, नाही येईल. नाही आलं तर का नाही, तेही विचारा. विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.